उशाखालचा तारा

निउलाकिता
३ ऑक्टोबर १९९५

सिमेओना,

तुझ्या मनासारखं झालं. सरकारनेही आठच मोजले.

परवा स्वातंत्र्यदिनाला आमच्या खांबावर आठ ताऱ्यांचा झेंडा चढला. नववा तारा मी माझ्या हाताने उसवून काढला. ही खबर तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळावी म्हणून आधी लिहून टाकली. आता हस पोटभर.

रेडिओवर बातमी आली तेव्हा मी आईच्या केसांना तेल लावत होते. देशाच्या नावातच म्हणे 'आठ जण एकत्र उभे' आहेत, मग झेंड्यावर नऊ तारे कशाला, असं काहीसं तो माणूस सांगत होता. एक तारा काढायचा ठरलं आहे एवढं ऐकू आलं. कुठला काढायचा आणि कसा, हे त्याने पुढे सांगितलंही असेल, पण नेमका तेव्हाच बॅटरीने दम तोडला. तुला आमच्या बॅटऱ्या माहीतच आहेत.

मग सभाघरात सगळे जमले. सगळे म्हणजे सगळे, आम्ही आहोत तरी किती! पाद्री इओपू शाळेतला नकाशा काखेत मारून आले.

"एकेक तारा म्हणजे एकेक बेट, नकाशावर आहे तसं मांडलेलं. वर उत्तर, खाली दक्षिण," ते म्हणाले. "आपण देशाच्या पार दक्षिणेला. म्हणजे सगळ्यात खालचा तारा आपला."

"पण काढायचा तो आपलाच, हे कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

 म्हातारा फेआओ म्हणाला, "काढायचाच म्हटल्यावर आणखी कुणाचा काढतील, बाई? बाकीची बेटं जुनी. आपल्याला मागाहून निउताओ बेटावरून आणून इथं वसवलंय. ताटात जागा कमी पडली की शेवटी आलेल्यालाच उठवतात."

झेंडा माझ्या मांडीवर पसरला. सगळ्यात खालचा तारा मी ब्लेडने टाका टाका उसवत आणला. बायका गात होत्या आणि पुरुष समुद्राकडे तोंड करून बसले होते. तारा निघाला तर खालचं निळं कापड आत अगदी कोरं, उन्हाने न विटलेलं. तिथे ताऱ्याच्याच आकाराचा गडद निळा डाग राहिला. दुरून आठ दिसतात. खांबाजवळ जाऊन बघशील तर नऊ आहेत, एक फक्त विझलेला. तू कशाला जवळ येऊन बघतोयस म्हणा.

आता निघालेल्या ताऱ्याचं करायचं काय? कुणी म्हणे चर्चमध्ये ठेवा, कुणी म्हणे पुरून टाका. फेआओ म्हणाला, "तिलेसाने काढलाय, तिलाच ठेवू दे." तेव्हा तो आता माझ्या उशाखाली आहे. माझं बेट देशाच्या मोजणीत बसत नसेल तर माझ्या उशाखाली तरी बसतंय.

आठवतो का तुला तो दिवस? होडी लागली होती, तुझी पेटी वाळूत पडली होती, आणि मी म्हटलं होतं, "तुझ्या वडिलांची सेवा कर, पुलाक्याच्या कंदांच्या खड्ड्यातला तुझा वाटा घे, आणि परत ये." तू म्हणालास, "परत कुठे? हे काय बेट आहे?" मग तू बोटांवर मोजलंस. नानुमेआपासून सुरुवात केलीस, तुझ्या बेटापासून, आणि नुकुलाएलाएपाशी आठ झाले तसा हात खाली घेतलास. आईच्या समोर. तिच्या नवऱ्याची कबर जिथून दिसते तिथे उभा राहून.

तेव्हा तुझ्या पासपोर्टवरचं राजचिन्ह डोळ्यासमोर आलं. त्याच्या कडेने केळीची पानं आठ, शिंपले आठ. आम्ही त्यात कधीच नव्हतो. आम्ही फक्त झेंड्यावर होतो.

सोबत खोबरेलाची बाटली पाठवते आहे. सासूबाईंसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

तिलेसा


निउलाकिता
१० मार्च १९९६

सिमेओना,

मध्ये बोट येऊन गेली. तांदूळ आला, रॉकेल आलं, मुलांच्या पाट्या आल्या. तुझं पत्र आलं नाही. मी विचारलंही नाही, टपालाचं पोतं रिकामं होईपर्यंत तिथे सहज उभी होते इतकंच.

आता म्हणे झेंडाच नवा झाला आहे. जुन्यावर होता तो इंग्रज राणीच्या झेंड्याचा कोपरा त्यावर नाही, रंग वेगळे, तारे मात्र आठच. रेडिओवर फार वेळ चर्चा चालली होती. नवा झेंडा आमच्यापर्यंत काही पोचलेला नाही, त्यामुळे आम्ही आपले आमचा जुनाच वर चढवतो. फेआओ म्हणतो, ज्यांना मोजत नाहीत त्यांना झेंडा तरी कशाला पाठवतील!

पण जुन्याचीही दशा झाली आहे. खांबापासून लांबचं टोक वाऱ्यात आपटून आपटून फाटतं. दर थोड्या दिवसांनी मी तो खाली घेते, चिंध्या कापते, काठ दुमडून शिवते, की पुन्हा वर. प्रत्येक वेळी झेंडा बोटभर आखूड होतो. त्या टोकाला एक तारा आहे, उजवीकडे वर, एकटाच. तो आता शिवणीला टेकला आहे. कुठल्या बेटाचा आहे देव जाणे, पण मी त्याला जगवते आहे. मागच्या वादळानंतर त्याचं एक टोक गेलं होतं, ते माझ्या पिवळ्या झग्याच्या बाहीचं लावलं. तोच झगा, जो तुला आवडायचा. आता तो बिनबाहीचा आहे.

आई बरी आहे. गुडघे तिचे तिलाच शिव्या देतात असं म्हणते. तुझं नाव काढत नाही, पण जेवताना माशाचं पहिलं डोकं, तुझ्या आवडीचं, बाजूला काढून ठेवते. कुणासाठी विचारलं तर म्हणते, "मांजरासाठी." आपल्याकडे मांजर नाही.

तुझा जहाजावरचा केशरी रेनकोट अजून दाराआड टांगलेला आहे. पाऊस आला की मी तो अंगात घालून पाण्याच्या टाकीचं झाकण सरकवायला जाते. हात बाह्यांच्या बाहेर येतच नाहीत. पोरं ओरडतात, "सिमेओना आला! सिमेओना आला!" परवा त्यांना काठी घेऊन पळवलं, आणि मग घरी येऊन तो रेनकोट न काढताच बसून राहिले.

उगाच कशाला लपवू? मला तुझी आठवण येते. तू परदेशी जहाजांवर होतास तेव्हा वर्ष वर्ष यायचा नाहीस, पण तेव्हा ती आठवण अशी नव्हती. तेव्हा समुद्र मध्ये होता. आता तू घरी आहेस आणि मीही घरी आहे, आणि देशाच्या एका टोकाला तुझं घर, दुसऱ्या टोकाला माझं. मधली सगळी बेटं ओलांडल्याशिवाय माझा आवाज तुला पोचत नाही.

आईला सोडून मी येणार नाही, हे तुला माहीत आहे. पण येणार नाही म्हटलं म्हणजे लिहायचंही नाही असं कुणी सांगितलं?

तिलेसा


निउलाकिता
२२ ऑगस्ट १९९६

सिमेओना,

हे पत्र फाडू नकोस. आधीची दोन फाडली असशील तर माझी तक्रार नाही. हे वाच.

काल बोट आली. तिच्यावरचा इंजिनवाला काइतू तुमच्या नानुमेआचा, तुझ्या मावशीच्या घराशेजारचा. होडीतून खाली उतरला, कंबर सरळ केली, सहज खांबाकडे बघितलं, आणि तिथेच उभा राहिला.

"अरे ए!" तो ओरडला. "आमचं बेट कुठाय?"

कुणाला काही कळेना. पाद्री इओपू म्हणाले, "तुमचं बेट वर आहे, बाबा, पहिलं. आम्ही आमचं काढलंय. सगळ्यात खालचं."

"खालचंच तर आमचं!"

"खाली दक्षिण ना?"

"कागदावर, पाद्रीबाबा, कागदावर! झेंड्यावर नकाशा आडवा निजवलाय. पूर्व वर, उत्तर डावीकडे. सगळ्यात खालचा तारा नानुमेआ. तुमचा तो बघा, त्या टोकाला लोंबतोय, वाऱ्यात फाटणारा." मग तो हसायला लागला, हसता हसता वाळूत बसला. "कमाल आहे! सगळा देश तुम्हाला काढायला निघाला, आणि तुम्ही आम्हाला काढून मोकळे! आणि स्वतः वर्षभर फडकताय!"

 मग फेआओने जो दात नसलेल्या तोंडाने हसायला सुरुवात केली, तो अख्खं गाव हसलं. सभाघरात ढोल आला, बायका नाचायला उठल्या, आणि आपल्यासाठी एवढं रडलो ते सगळं फुकट गेलं म्हणून आणखी हसल्या. पाद्रीबाबा नकाशा उलटसुलट करून बघत होते. आई तर काइतूला जवळ ओढून म्हणाली, "म्हणजे आम्ही कुठे गेलोच नव्हतो?"

मी एकटीच हसले नाही. मी काइतूला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सिमेओना कसा आहे?"

तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "वहिनी, तुम्ही हे चुकून केलंत?"

"मग काय मुद्दाम?"

"त्याला तसंच वाटतंय. नकाशाची ती गोष्ट त्याला नुसती सबब वाटली. तुमचं पत्र आलं तेव्हा त्याने मला वाचून दाखवलं होतं, मला मात्र आज खांब बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. सगळ्यात खालचा तारा मी माझ्या हाताने उसवला, असं तुम्ही लिहिलंत. तो म्हणाला, 'मी तिचं बेट बोटांवर मोजलं नाही, तर तिने माझं ब्लेडने काढलं. फिटलं.' वडील त्याच आठवड्यात गेले. त्यानंतर तो फारसा कुणाशी बोलत नाही."

तुझे वडील गेले, सिमेओना, आणि मला ठाऊकही नव्हतं. मी तुला मांजराच्या गोष्टी लिहीत बसले होते.

तेव्हा आता नीट ऐक. आम्ही अडाणी आहोत, दुष्ट नाही. मला आडवा नकाशा माहीत नव्हता, पाद्रीबाबांना नव्हता, कुणालाच नव्हता. तुझ्या बेटाला हात लावायचं माझ्या मनातही नव्हतं. मला वाटलं मी स्वतःला कापते आहे. तू पत्र वाचून जेवढा तळमळला असशील, तेवढीच मी टाके उसवताना तळमळले, फक्त चुकीच्या बेटासाठी.

आणि आणखी एक, हे मी काइतूला सांगितलं नाही. वर्ष होत आलं, तो तारा मी उशाखाली घेऊन झोपते. कधी राग आला की त्याला मुठीत घट्ट धरते, कधी गालाखाली घेते. मला वाटायचं ते माझं बेट आहे. ते तुझं निघालं.

सभाघरात ठरलं आहे की चूक दुरुस्त करायची, तुमचा लावायचा आणि आमचा काढायचा. काम माझ्याकडेच आलं आहे. मी सांगितलं, पिवळा दोरा नाही. काइतू म्हणाला, पुढच्या खेपेला आणतो. मी म्हटलं, आणलास तर सुई हरवेल.

तुझी
तिलेसा


निउलाकिता
४ मे १९९७

सिमेओना,

तुझी चिठ्ठी मिळाली. काइतूने हातात दिली. तीन ओळी! "तात्या शांतपणे गेले. झेंड्याचं कळलं. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?" तीन ओळी लिहायला तुला एवढे महिने लागले. पण तू आईचे गुडघे विचारलेस. मी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गुडघे म्हणावं आहेत तसेच, तू कसा आहेस ते कळव." त्या दिवशी डोकं कुणासाठी काढून ठेवलं नाही, दोघींनी वाटून खाल्लं. तुझी खबर आली, आता मांजराचं निमित्तही नको आणि रागही नको, असं तिला वाटलं असावं.

तू रेडिओ ऐकला असशील. जुना झेंडा परत आला. राणीचा कोपरा परत आला, आणि तारे नऊ. नऊ, सिमेओना! सरकारला मोजता येऊ लागलं. ते त्यांनी आमच्यासाठी केलं की आपापसातल्या भांडणासाठी, ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. फेआओला नेमकं तेव्हा बरं नव्हतं. त्याला उचलून रेडिओजवळ आणला. 'नऊ' हा शब्द ऐकून तो म्हणाला, "आता पुन्हा बदलायच्या आत मला मरू द्या." तो मेला नाही, चांगला ठणठणीत झाला आहे आणि सगळ्यांवर ओरडतो आहे.

आता सगळे माझ्या मागे लागले आहेत. तारा आण, शिव, झेंडा पुरा कर. पाद्री इओपू रोज दारावरून जाताना खाकरतात. दोराही आला आहे. सुईही आहे.

पण मी शिवणार नाही. काल सभाघरात उभी राहून सांगितलं, "हा तारा नानुमेआचा आहे. माझ्या हाताने एकदा न विचारता निघाला, आता न विचारता लागणार नाही. ज्याचा आहे तो घेऊन येईल, तेव्हा शिवीन."

"आणि तो आलाच नाही तर?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"तर आपला झेंडा आठचाच राहील."

"तिलेसा, हा देशाचा झेंडा आहे. तुझ्या संसाराची गोधडी नव्हे!"

 त्यांचं खरंच होतं. तेव्हा आई मागून म्हणाली, "पाद्रीबाबा, दीड वर्ष चुकीचा फडकला तेव्हा देश बुडला नाही. आणखी थोडे दिवस माझ्या जावयासाठी थांबेल."

जावई म्हणाली ती. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा या पाकिटात तारा आहे. थोडा मळला आहे, उशाखाली राहिल्यामुळे त्याला खोबरेलाचा वास लागला आहे. धुतला नाही मी. आज रात्रीपासून माझ्या उशाखाली काही नाही.

मी तुला कायमचा ये म्हणत नाही. तुझा पुलाक्याचा खड्डा आहे, विधवा आई आहे, तेही घरच आहे. वर्षाचे काही महिने इथे, काही तिथे, माणसं असं करतात. मी तिकडे येईन. आईलाही बोटीत बसवीन, ती नको म्हणेल आणि बसेल. पण आधी तू इथे यायला हवंस. ज्या वाळूत उभा राहून तू आठावर हात खाली घेतलास, त्याच वाळूत उभं राहून तो हात एकदा वर करायला हवास. एवढंच मागते. जास्त मागत असले तर तारा तुझ्याकडेच ठेव, तुझाच आहे तो. मी समजेन.

तुझी
तिलेसा


निउलाकिता
१९ जुलै १९९७

सिमेओना,

हे पत्र कुठल्या बोटीने जाणार? ज्या बोटीने तू येशील तिनेच. तरी लिहिते, कारण आज दिवसभर माझे हात थांबत नाहीत.

सकाळी पोरं ओरडत आली, "बोट! बोट!" मी केशरी रेनकोट घालूनच धावले, पाऊस नव्हता तरी. समुद्र नुसता उसळला होता. खडकावर लाटा अशा फुटत होत्या की पलीकडची बोट मधूनमधून नाहीशीच व्हायची. होडी उतरवायचा प्रश्नच नव्हता. इथे नांगर टाकायला जागा नाही, तुला माहीत आहे. बोट नुसती खडकाबाहेर हेलकावत राहिली. फेआओच्या नातवाने बोटीशी बोलायचा वायरलेस लावून बघितला, "कोण आलंय बोटीवर?" एवढं विचारलं, आणि बॅटरीने दम तोडला. मी त्या बॅटरीला काय काय बोलले ते पाद्रीबाबांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मग तू कठड्याशी दिसलास. एवढ्या लांबून मी तुला कसं ओळखलं, असं मला सगळे विचारतात. जहाजावर एका पायावर भार देऊन कोण उभं राहतं? आणि कोण स्वतःच्याच बायकोला बघून आधी टोपी नीट करतं?

मी ओरडले. लाटांनी ते गिळलं. तूही काहीतरी ओरडलास, तोंड उघडलेलं दिसलं, शब्द एकही आला नाही. मग मी पळत खांबाकडे गेले, झेंडा खाली ओढला, आणि आई आणि मी तो दोन्ही हातांनी पसरून तुझ्यासमोर धरला. म्हटलं, दिसू दे त्याला ती रिकामी जागा. दिसली का रे? डाग आता पार विटला आहे, जवळूनही नीट दिसत नाही. पण मला वाटतं तुला दिसली. कारण तू खिशातून काहीतरी पिवळं काढलंस आणि हवेत हलवलंस.

बोटीचा भोंगा वाजला. ती वळायला लागली. मला वाटलं, संपलं. इतक्या लांबून आलास आणि हा वीतभर पाण्याचा पट्टा ओलांडता येईना.

तेव्हा तू तो तारा दातात धरलास आणि दोन्ही हात वर केलेस. बोटं पसरून. डाव्या हाताची पाच. उजव्या हाताची चार, अंगठा आत दुमडलेला. आणि बोट पुरी वळेपर्यंत ते हात तसेच वर धरून ठेवलेस. कठडा सोडून! पडला असतास म्हणजे?

सगळं गाव बघत होतं, पण कुणाला काही कळलं नाही. ते आपले हात हलवत राहिले, तू निरोप घेतो आहेस असं समजून. मी मात्र झेंडा तसाच धरून वाळूत बसले आणि रडले. किती दिवसांचं होतं ते कोण जाणे.

बोट राजधानीला जाऊन समुद्र शांत झाला की परत येईल, असं सगळे म्हणतात. पिवळा दोरा सुईत ओवून ठेवला आहे. माशाचं डोकं आजपासून पुन्हा बाजूला निघतं आहे. आईची नजर आता जवळचं धरत नाही, पण लांबचे तुझे हात तिला दिसले. तिन्हीसांजेला ती मला म्हणाली, "जावयाच्या हाताला काही लागलंय का गं? एक बोट कमी होतं."

मी म्हटलं, "कमी नाही आई. एक जास्त होतं."

तुझी
तिलेसा